बिहीखालची नाइट ड्युटी

मेडिकलमधून निवृत्त झाले तेव्हा
शाल मिळाली, नारळ मिळाला, भिंतीवरचं घड्याळ मिळालं.
गॉजची अर्धी गुंडाळी कुणी दिली नव्हती,
ती घरी कशी आली ते इथे लिहीत नाही.

मानेवाड्याला, मागच्या अंगणात, बिहीचं झाड आहे.
पुण्याची सून त्याला पेरू म्हणते,
झाड ओ देत नाही.

उन्हाळाभर कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी
त्याच्या बुडाशी ओतलं,
कूलरचं जुनं गवतही तिथेच अंथरलं.
मृगाचा बहार भरघोस धरला.

मागच्या वर्षी मात्र माशीनं सगळं नेलं होतं.
माशी दिसत नाही, तिचं काम दिसतं:
वरून पिवळं, गुळगुळीत, देवापुढे ठेवावं असं,
आणि फोडलं की आत वळवळ.
असे चेहरे मी ओपीडीच्या रांगेत पाहिलेत.

म्हणून यंदा फळ लिंबाएवढं झालं
की त्याला गॉजचं टोपडं.
देठाशी दोन वेढे, वर एक गाठ,
रक्त अडेल इतकी घट्ट नाही,
वाऱ्यानं सुटेल इतकी सैल नाही.
छत्तीस वर्षांत बोटांना एवढं तरी कळलं.

एकेचाळीस फळं.
टाकीकडच्या फांदीला सात,
न्हाणीच्या पत्र्यावर तीन, ती जरा नाजूक,
बाकीची आत, सावलीत, एकमेकींना टेकून.

भिंतीपलीकडून बोकडेबाई:
"अवो सिस्टर, झाडाचा काय अपघात झाला का जी?"
म्हटलं, व्हायचा आहे, तोवर बांधून ठेवून राहिली.

साडेअकरानंतर वटवाघळं येतात.
मी राऊंडला उठते.
टॉर्च खाली धरते, पावलांपुरता,
झोपलेल्यांच्या डोळ्यांवर उजेड पडू नये म्हणून.
मग आठवतं, इथे डोळे कुणाला आहेत?
तरी टॉर्च वर जात नाही.

पहाटे राघू. ते खात नाहीत, चाखतात,
एका फळाला एक चोच, चला पुढे,
मोठ्या डॉक्टरांसारखे.
खारीला माझी गाठ सोडता येते.
दातानं ओढते, आधी एक वेढा, मग दुसरा,
मी खिडकीतून पाहिलं आणि हाकललं नाही लगेच,
इतकी शिस्त होती तिच्या कामात.

बोकडेबाईंचा नातू, पारस,
शर्टाच्या खिशात तिखट-मिठाची पुडी घेऊन भिंत चढतो.
एका दुपारी तीन गेली.
गॉज मात्र उलगडून, चौकोनी घडी करून
नळाच्या तोटीवर ठेवलेलं.
मी रागवायला निघाले होते,
चपला घातल्या, मग काढल्या.

डिसेंबरात थंडी पडली तशी फळं उतरवायला घेतली.
तारेचा हँगर, कांद्याची जाळी आणि बांबू
एवढ्यावर दिरांनी झेला करून दिला होता.
रंगावर भरवसा नाही माझा,
नाक जवळ नेते, वास आला तरच हात लावते.
रोज चार, पाच,
कुणाला डबा, कुणाला पिशवी,
सुनेला कुरिअरनं, वर लिहून: बिही.

जानेवारीत पानं विरळ झाली
तेव्हा आतल्या फांदीला एक दिसलं.
गॉज पांढरं. गाठ माझीच, शाबूत.
झेल्यात पडलं ते भार नसल्यासारखं.
सोडून पाहिलं:
चोच नाही, दात नाही, माशीचं टोचणंही नाही.
नुसतं काळं, आक्रसलेलं, गोड कुजका वास.
कुणीच शिवलं नव्हतं त्याला.
मीसुद्धा.

वेळ लिहायची सवय,
म्हणून घड्याळाकडे पाहिलं. चार वीस.
लिहिणार कशावर.

शेंड्याकडे अजून पाच आहेत.
त्यांच्या गाठी सोडून टाकल्या.
झेला भिंतीला टेकवून ठेवलाय,
बोकडेबाईंच्या बाजूनं.